तिसऱ्या खणातलं गोड

मी एक जुनी स्टीलची ताटली आहे. तीन खणांची. मित्रांनो, अशा गोष्टीत आधी जन्म सांगायचा असतो, मग काम, मग कौतुक, मग अडगळ. ते सगळं मी सांगणार आहे. पण आज माझं लक्ष थाऱ्यावर नाही. घरात कुणी नाही. सगळे वाढदिवसाचं जेवायला बाहेर गेलेत आणि मी दाराजवळच्या फळीवर कान देऊन पडले आहे. मधेच थांबले तर समजून घ्या.

वाढदिवस खारूचा आहे. खारू म्हणजे या घरातली मुलगी. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. एखादा कण जरी पोटात गेला, तरी तिचा घसा आतून सुजतो आणि श्वास अडकतो. आज ती हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दारात एकटी जाऊन ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. एका नव्हे, तीन हॉटेलांत. आईबाबांनी टेबलाशी बसून राहायचं, उठायचं नाही, असं ठरलं आहे.

ती सांगेल का? ऐकणारा नीट ऐकेल का?

दर वर्षी मी बरोबर असायचे. आज नाही.

जिन्यात पावलं वाजतायत.

नाही. वरच्या मजल्यावरचे आहेत.

*

जन्म.

मी पत्र्याची. एका लांबलचक पत्र्यातून मला गोल कापलं, साच्यावर ठेवलं आणि वरून दणका बसला. माणसांना अक्कल यायला आयुष्य जातं म्हणे. मला एका दणक्यात तीन खण पडले. मग काठ वळवले, घासून चकचकीत केलं आणि माझ्यासारख्याच बहिणींच्या चळतीत बसवलं. दुकानात आम्ही एकमेकींच्या पोटात पोट घालून राहायचो.

एके दिवशी एक बाई आल्या. डोळे रात्रभर जागल्यासारखे. त्यांनी मला चळतीतून उपसलं.

"एकच?" दुकानदार म्हणाला. "सहाचा सेट घ्या ना. पाहुणे आले तर?"

"ही पाहुण्यांना द्यायचीच नाही."

त्या खारूच्या आई. आदल्याच दिवशी त्या खारूला घेऊन दवाखान्यातून घरी आल्या होत्या. खारू तेव्हा दुडूदुडू चालायची. कुणीतरी कौतुकाने तिच्या तोंडात अर्धा दाणा घातला होता, तेव्हा हे कळलं. गंमत म्हणजे तिचं नाव त्याआधीच पडलं होतं. गाल फुगवून बसायची म्हणून बाबा तिला खारूताई म्हणायचे. "खारूताई, आणि दाण्याचं वावडं!" बाबा पुढे कितीतरी वर्षं हा विनोद करत होते. आई कितीतरी वर्षं त्यावर हसत नव्हत्या.

माझी घासणी वेगळी, माझं फडकं वेगळं, भिंतीवर माझा खिळा वेगळा. घरातली बाकीची भांडी एकमेकांवर आपटत जगायची. मला मात्र राजकन्येसारखं जपलं जाई. माझ्या अंगाला शेंगदाण्याचं तेल, पीठ, धूळसुद्धा कधी लागली नव्हती. माझं सगळं मोल त्यातच होतं.

*

काम.

आमच्या घराखालून एक गल्ली जाते. तिच्यात हॉटेलं पुष्कळ. खारूच्या एका वाढदिवसाला आईबाबा तिला घेऊन एकेका दारात विचारत निघाले. एका ठिकाणचा माणूस म्हणाला, "खाऊ दे हो, एवढं काय होतंय!" आईंनी तिथूनच पाठ फिरवली. त्या दिवशी घरात नियम झाला: जो 'एवढं काय' म्हणतो, त्याच्याकडे पाणीही प्यायचं नाही.

एका हॉटेलात सगळं चालेल असं कुठेच मिळालं नाही. पण कोपऱ्यावरचा बटाटेवाला एका कढईत फक्त बटाटेच तळायचा. मधल्या हॉटेलातल्या मावशींचा भात वेगळ्या पातेल्यात व्हायचा. आणि गल्लीच्या टोकाला गोडाचं दुकानवजा हॉटेल होतं. तिथला आचारी साधा केक स्वच्छ ओट्यावर काढून द्यायला तयार झाला. बाबांनी मला वर धरून म्हटलं, "अरे, मग झालं की! तीन हॉटेलं, तीन खण."

तेव्हापासून दर वर्षी आमची वरात निघायची. पहिल्या खणात बटाटे. ते संपले की उठायचं, चार दुकानं ओलांडायची, दुसऱ्या खणात भात. परत उठायचं. तिसरा खण टोकाला पोचेपर्यंत रिकामा. लोक एका जागी बसून जेवतात. आम्ही गल्लीभर जेवायचो.

प्रत्येक ठिकाणी आई मला पुढे करत आणि ठणकावून सांगत: "माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. तेल कुठलं आहे? डाव कुठे बुडवला होता? हात धुतलेत?"

"बाई, तुम्ही जेवायला येता की धाड घालायला?" भातवाल्या मावशी म्हणायच्या. पण म्हणता म्हणता हात धुवायच्या.

वर्षं गेली. मग एका वाढदिवसाला खारूने गल्लीत आईंची बाही ओढली.

"आई, मोठ्यांदा नको ना सांगूस. सगळे बघतात."

"मग काय खुणा करू?"

"नुसती ताटली दे. त्यांना कळतं."

आईंनी करून पाहिलं. बटाटेवाल्याने मला पाहिलं आणि काही न बोलता झारा धुतला. मावशींनी मला पाहिलं आणि हात धुतले. आचाऱ्याने मला पाहिलं आणि ओटा पुसला. कुणी चकार शब्द काढला नाही. खारू त्या दिवशी इतकी खुश होती की परत येताना तिने मला पिशवीत घालू दिलं नाही, डोक्यावर धरून नाचवत आणलं. गल्लीभर ऊन माझ्यावरून उड्या मारत होतं. मित्रांनो, कौतुक म्हणतात ते हेच.

थांबा.

खालचं दार वाजलं. कुणीतरी हसलं.

शेजारचे काका. फोनवर.

*

गेल्या वर्षी वरातीत एक जण वाढलं. खारूची वर्गातली मैत्रीण. तिला घरात सगळे बडबडी म्हणतात आणि ती त्याचा मुळीच राग मानत नाही. आईंनी मला पिशवीतून काढलं, तशी ती म्हणाली, "अय्या, घरून ताट? हॉटेलात ताटं नसतात का?"

"असतात," खारू म्हणाली.

"मग?"

"असंच. लहानपणापासूनची आहे."

एवढंच. बडबडीला कारण कळलं नाही आणि खारूने कळू दिलं नाही. पहिला खण झाला, दुसरा झाला. मावशींच्या नळाखाली आईंनी मला धुतलं, पुसलं, आणि आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो.

गोडाच्या हॉटेलात तोबा गर्दी होती. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती. तिथे मला ठेवायचं आणि आतून आचारी उचलणार, हे दर वर्षीचंच. आईंनी मला ठेवलं आणि म्हणाल्या, "वाढदिवस आहे." आतून एक हात आला. आईंनी हात पाहिला, चेहरा पाहिला नाही.

हात नवा होता.

जुना आचारी काम सोडून गेला होता. हा नुकताच आलेला, मनगटावर भाजल्याचा डाग असलेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्याला माझी ओळख नव्हती. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि शेजारच्या वाढप्याला म्हणाला, "बघ रे, पोरीने आवडती ताटली आणलीय घरून. वाढदिवस आहे, हात आखडायचा नाही!"

त्याने एक बरणी उघडली.

भाजलेल्या शेंगदाण्यांचा चुरा साखरेच्या पाकात घोळवलेला. त्याने तो माझ्या तिसऱ्या खणात ओतला, मूठभर, आणि चमच्याने नीट दाबून बसवला. तेलकट. खरखरीत. अजून कोमट. माझ्या जन्मात पहिल्यांदा. मग त्याच्यावर केक. मग वरून पांढरंशुभ्र क्रीम, इतकं गुळगुळीत की खालचं काही दिसू नये. वर एक मेणबत्ती.

मला ओरडायचं होतं. पण ताटली वाजते फक्त पडली तर, आणि त्याने मला दोन्ही हातांनी जपून धरलं होतं.

टेबलावर टाळ्या झाल्या. शेजारच्या टेबलावरच्यांनीही वाजवल्या. खारूने मेणबत्ती विझवली. आई समोर उभ्या राहून फोनमधून बघत होत्या. बाबा पाणी ओतत होते.

पहिला चमचा. क्रीम आणि केक. ती हसली.

दुसरा चमचा तळाला लागला. कर्र. त्याच वेळी बडबडी म्हणाली, "मला पण, मला पण!" आणि तो आवाज तिच्या आवाजाखाली गेला. चमचा खारूच्या तोंडात गेला.

मी खालून तिचा चेहरा पाहत होते. ती चावता चावता थांबली. तिने घास हळूच रुमालात काढला. डोळे एकदम मोठे झाले. तिला कळलं होतं.

आणि ती गप्प बसली.

"हस की जरा," आई फोनमागून म्हणाल्या. ती हसली. शेजारच्या टेबलावरची माणसं अजून तिच्याकडेच बघत होती. तिने ओठ आत ओढून घेतला, सोडला, परत ओढला.

"तुझा ओठ असा काय दिसतोय गं?" बडबडी म्हणाली.

"काही नाही."

"सुजलाय."

"काही नाही म्हटलं ना!"

तिची बोटं माझ्या काठावर होती. ती थरथरायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही, टेबलावर बारीक, टर्र टर्र टर्र. मला एवढंच येत होतं. कुणी ऐकलं नाही.

मग खारू उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"यात दाणे आहेत," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. तिने परत सांगितलं, अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं. "आई, यात शेंगदाणे आहेत. मला चालत नाहीत. मला त्रास होतोय."

फोन आईंच्या हातातून गळून पडला, पण आई थांबल्या नाहीत. माझ्या पिशवीत माझ्या शेजारी नेहमी, श्वास अडकलाच तर टोचायचं, एक इंजेक्शनचं पेन असायचं. इतकी वर्षं आम्ही एकत्र फिरलो, त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. आईंनी खारूला जमिनीवर आडवं केलं आणि पेन कपड्यांवरूनच तिच्या मांडीत दाबून धरलं. बाबा रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होते आणि आपल्याच गल्लीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. ते हॉटेलच्या मालकीणबाईंनी ओरडून सांगितलं. बडबडी भिंतीला चिकटून उभी होती.

आचारी बाहेर आला. "मी... वाढदिवस म्हणून जास्तच घातले हो," तो म्हणाला. "जास्तच घातले."

मग सगळे गेले.

*

वाढपी मला उचलायला आला, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "हात लावू नकोस. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, किती खाल्लं, तर?" त्यांनी माझ्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि फोनपाशी जाऊन बसल्या. गिऱ्हाईक पांगलं. दोन घास उकरलेला तिसरा खण घेऊन मी अंधारात पडून राहिले. समोर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आचारी माझ्यासमोर बसला होता. त्याचे श्वास मला ऐकू येत होते. मी दुसऱ्याच श्वासांचा विचार करत होते.

फोन वाजला.

मालकीणबाई "हं" म्हणाल्या. परत "हं" म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "श्वास सुरळीत आहे. उद्यापर्यंत ठेवून घेणार आहेत."

आचाऱ्याने वरचं ताट काढलं, मला मोरीत नेलं आणि घासलं. धुतलं, परत घासलं. माझा जन्म दणक्यात झाला, पण इतकं जोरात मला कुणी कधी धरलं नव्हतं.

*

अडगळ.

बाबा मला घरी घेऊन आले. आईंनी मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि उन्हात ठेवलं. पण खारूच्या पानावर मी परत गेले नाही. आईंना मी बघवत नव्हते. माझा खिळा दुसऱ्या भांड्याला मिळाला. मला दाराजवळच्या फळीवर ठेवलं. आता माझ्या एका खणात केसांच्या पिना आहेत, एकात बटणं, आणि तिसऱ्यात कधी काही, कधी काही.

वर्षभर हे घर बाहेर जेवलं नाही. फळीवरून मला सगळं ऐकू यायचं.

"यंदा घरीच करू वाढदिवस," आई म्हणायच्या.

"आणि पुढच्या वर्षी?" खारू विचारायची. "आणि मी तुझ्याएवढी झाले की? तेव्हाही घरीच?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"मी सांगेन. मी स्वतः जाऊन सांगेन, तुम्ही नुसते बसा."

"आणि घाबरलीस? विसरलीस?"

"विसरेन कशी? माझा घसा आहे तो."

बाबा म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." आई उठून आत गेल्या. दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज जास्त होते. तिसऱ्या दिवशी आईंनी पिशवीतलं नवं पेन काढून त्यावरची तारीख तपासली, एकाची दोन पेनं केली आणि म्हणाल्या, "टेबल दाराजवळचं घ्यायचं. मला तू दिसली पाहिजेस."

आज सकाळी इथेच, माझ्यासमोर, तालीम झाली. बडबडी आचारी झाली होती. तिने कमरेला टॉवेल बांधला होता.

"काय पाहिजे?"

"मला शेंगदाणा चालत नाही. एक कणसुद्धा नाही. श्वास अडकतो."

"थोडा चालेल ना? एवढं काय!"

"मग आम्ही जातो."

"अगं, जातेस कुठे? मी आचारी आहे, मी विचारणारच!"

"तू आचारी नाहीस, तू गाढव आहेस. परत."

आई चपला घालत होत्या. त्या हसल्या नाहीत. खारूने जिना उतरताना सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तेच वाक्य परत म्हटलं. मग खालचं दार लागलं.

तेव्हापासून मी अशी कान देऊन पडले आहे. फरशीवरचं ऊन दाराकडून भिंतीकडे सरकलं. बटाटे झाले असतील. भात झाला असेल. आता टोकाचं हॉटेल. तीच खिडकी, तोच आचारी. खारू खिडकीशी थांबणार नाही, दारात जाणार आहे, म्हणजे तिला त्याचा चेहरा दिसेल आणि त्याला तिचा.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला घासापुसा, फेकू नका. माझं तसं काही नाही. माझ्यात पिना ठेवा, खिळे ठेवा. एक मात्र करा. तुमच्यात कुणाला काही चालत नसेल तर ते ताटलीवर, पिशवीवर, दुसऱ्याच्या अंदाजावर सोडू नका. स्वतः सांगा, समोरच्याचा चेहरा बघून सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगितलं तर हातातलं काम खाली ठेवून ऐका. मी तीन खणांची असून मला एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला येतो.

पावलं.

खालच्या मजल्यावर. पुष्कळ. बडबडीचा आवाज. शेजारच्या काकूंचं दार उघडलं.

"काय गं, झाला का वाढदिवस?"

"काकू, अहो, काय झालं माहितीय का," बडबडी धापा टाकत सांगत होती. "तो आचारी आहे ना, त्याने सगळं ऐकलं, मग म्हणाला, थांब, मी म्हणून दाखवतो, आणि त्याने सगळं परत म्हटलं! आणि तो रडकुंडीला आला होता! आणि मग एक आजोबा..."

मला खारूचा आवाज ऐकू येत नव्हता.

"...शेजारच्या टेबलावरचे, ते उठून दारात आले, म्हणाले, मला दूध चालत नाही, पण सांगायची लाज वाटते, तू माझंही सांगून टाक..."

बाबांचा खाकरा. आईंच्या चपला. आणि अजून एक पाऊल हवं होतं, हलकं, मला ते वेगळं काढता येईना.

"लाज वाटते असं नाही म्हणाले ते," खारू म्हणाली.

"म्हणाले की!"

"ते म्हणाले, या वयात कुठे सांगत बसू. नीट सांग ना."

"मग तू सांगितलंस त्यांचं?" काकूंनी विचारलं.

"सांगितलं. त्यांना शेजारी उभं करून सांगितलं. पुढच्या वेळी ते स्वतः सांगणार आहेत."

कुलूप निघालं. दार उघडलं. आई आधी आत आल्या आणि चपला न काढताच भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांनी खारूला हाताला धरून जवळ ओढलं.

"जीभ दाखव."

"आई, चार वेळा दाखवली."

"दाखव."

खारूने जीभ काढली, पार हनुवटीपर्यंत. डोळे तिरळे करून.

आई बघत राहिल्या. मग त्यांनीही काढून दाखवली.